अल्बम बनायच्या आधीच पैसे देणारी माणसं

2000 सालाच्या सुमारास इंग्लंडातल्या एका रॉक बँडनं आपल्या चाहत्यांना ईमेल पाठवून विचारलं, की आमच्या पुढच्या अल्बमचे पैसे तुम्ही आत्ताच द्याल का? अल्बम तयार नव्हता. स्टुडिओत पाऊलही पडलं नव्हतं. तरी बारा हजारांवर लोकांनी पैसे भरून टाकले. गाणी चांगली होतील की टाकाऊ, हे तेव्हा खुद्द बँडलाही माहीत नव्हतं. लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून देणारी किकस्टार्टर ही वेबसाइट सुरू व्हायला अजून आठ-नऊ वर्षं बाकी होती आणि अशा वर्गणीला आज वापरला जाणारा 'क्राउडफंडिंग' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

या बँडचं नाव मॅरिलियन. पिंक फ्लॉइड, क्वीन, डीप पर्पल ही नावं आपल्याकडे रॉक न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असतात. मॅरिलियन म्हटलं की रॉक ऐकणारेही जरा आठवावं लागतं असा चेहरा करतात. ब्रिटनमध्येही त्यांच्याबद्दलचा ठरलेला प्रश्न म्हणजे, 'ते अजून आहेत होय?' आहेत. 1979 पासून आहेत. त्यांच्या चाहत्यांचं वागणं इतर बँडांच्या चाहत्यांपेक्षा इतकं वेगळं आहे, की एखाद्या बँडवरचं प्रेम चाळीस-चाळीस वर्षं कशावर टिकतं, हे समजून घ्यायला यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

जुन्या बँडवरच्या प्रेमाचं एक सोपं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: तरुणपण आठवतं म्हणून. त्यात तथ्य आहे. मानसशास्त्रात ही गोष्ट नीट तपासलेली आहे. आयुष्यातल्या सगळ्या वर्षांच्या आठवणी सारख्या ठळक राहत नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयातही जास्त स्पष्ट असतात, आणि त्या वयात ऐकलेली गाणीही तशीच चिकटून बसतात. पहिलं प्रेम, पहिली नोकरी, घराबाहेरची पहिली खोली हे सगळं याच काळात घडतं आणि मागे कुठलं तरी गाणं वाजत असतं. साठी ओलांडलेली माणसं महागडी तिकिटं काढून साठी ओलांडलेले बँड ऐकायला जातात, ती बव्हंशी याच पोटी. पण अशा मैफलींचा एक अलिखित नियम असतो. जुनी गाजलेली गाणी वाजवायची, आणि गायक 'आता नव्या अल्बममधलं एक' म्हणाला की प्रेक्षकांनी उठून बिअर आणायला जायचं.

आता मॅरिलियनची 13 ऑक्टोबर 2017 ची रात्र बघा. जागा लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. तिकिटं विक्रीला आल्या आल्या संपलेली. मैफलीचा पहिला अर्धा भाग म्हणजे आदल्याच वर्षी आलेला अल्बम, अथपासून इतिपर्यंत. दुसऱ्या भागात वाद्यवृंदातली चार-सहा मंडळी सोबतीला घेऊन इतर गाणी. आणि ज्या एका गाण्यामुळे हा बँड जगाला माहीत आहे, ते त्या रात्री वाजलंच नाही. कुणी उठून गेलं नाही. म्हणजे आठवणींचं उत्तर इथं पुरत नाही. जे लोक आले होते ते 1985 साल परत मिळवायला आले नव्हते.

ते 1985 चं प्रकरण काय, ते आधी उरकून घेऊ. लंडनच्या वायव्येला बकिंगहॅमशायर परगण्यात एल्सबरी नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथं हा बँड जमला. टोल्किनच्या 'सिल्मॅरिलियन' या पुस्तकावरून नाव घेतलं आणि पुढं त्यातलं सुरुवातीचं 'सिल्' गाळलं. 1981 मध्ये डेरेक डिक नावाचा धिप्पाड स्कॉटिश गायक आला. तो स्वतःला फिश म्हणवून घ्यायचा आणि चेहऱ्यावर रंग फासून रंगमंचावर यायचा. पंक या आडदांड, साध्यासोप्या रॉकच्या लाटेनंतरच्या त्या दिवसांत लांबलचक गाणी, कीबोर्डचे डोंगर आणि कवितेसारखे शब्द म्हणजे ब्रिटिश संगीत-पत्रकारांच्या लेखी थट्टेचा विषय होता. मॅरिलियन नेमकं तेच करत होते. 1983 मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं त्यांचा पहिला अल्बम काढला, आणि 1985 मध्ये 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'केइली' हे मोडलेल्या प्रेमाचं माफीनामेवजा गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानातल्या आगीत होरपळलेल्यांच्या मदतीसाठी काढलेलं एक गाणं वर होतं, म्हणून पहिला क्रमांक हुकला. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये मुलींची नावं केइली ठेवायची लाट आली. आज चाळिशीला आलेल्या कितीतरी ब्रिटिश बायका एका रॉक बँडचं देणं नावात घेऊन फिरतायत.

1988 मध्ये फिश बँड सोडून गेला. नेहमीच्या रीतीनं कथा इथं संपायला हवी होती. आवाज, चेहरा, शब्द सगळं त्याचं होतं. उरलेल्या चौघांनी, म्हणजे गिटारवर स्टीव्ह रॉदरी, कीबोर्डवर मार्क केली, बासवर पीट ट्रेवावस आणि ड्रम्सवर इयन मोझली यांनी, 1989 मध्ये गायक म्हणून स्टीव्ह होगार्थला घेतलं. फिशसारखा गाणारा, फिशसारखा दिसणारा नकलाकार त्यांना सहज मिळाला असता. त्यांनी मुद्दामच अगदी वेगळ्या आवाजाचा, वेगळ्या चालीचा माणूस निवडला. चाहत्यांत उभी फूट पडली. ती आजही बुजलेली नाही. फिशचे ते खरे आणि नंतरचे ते नावाला, असं म्हणणारे लोक अजून भेटतात.

पण माझ्या मते या फुटीनंच पुढचा पाया घातला. जे निघून गेले ते गेले. जे थांबले त्यांना बँड दुसऱ्यांदा निवडावा लागला, आणि या खेपेला गाजावाजा, टीव्ही, पहिला क्रमांक यातलं काहीच मदतीला नव्हतं. गाजलेल्या गोष्टीवरचं प्रेम अर्धं आपलं आणि अर्धं लोकांचं असतं. हे सगळंच त्यांचं स्वतःचं होतं. त्यातच, मॅरिलियन ऐकतो म्हणून सांगायची थोडी लाज वाटावी अशी त्या देशातली हवा. ज्या आवडीपायी माणसाला थोडं हसू सोसावं लागतं, ती आवड तो सहजासहजी टाकत नाही.

आणि संगीत? ते बाजूला ठेवून नुसत्या निष्ठेच्या गप्पा मारल्या तर लेख लबाड होईल. एक नमुना जवळून बघू. ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीवर मोठा पूल आहे. पोलिसांना तिथं एक मुलगी भटकताना सापडली. ती कोण, कुठली, काही सांगत नव्हती, म्हणून पोलिसांनी रेडिओवर आवाहन केलं. होगार्थनं ते ऐकलं आणि डोक्यात ठेवलं. काही वर्षांनी त्यातून 1994 चा 'ब्रेव्ह' हा अल्बम तयार झाला: ती मुलगी पुलावर कशी आली असेल, याची कल्पनेनं रचलेली सत्तर मिनिटांची कथा. फ्रान्समधल्या एका जुन्या किल्ल्यात राहून त्याचं बरंचसं काम केलेलं. त्यात शिट्टीवर म्हणता येईल असं गाणं जवळपास नाही. पहिल्यांदा ऐकताना कंटाळा येतो, हे कबूल करायला चाहत्यांचीही हरकत नसते. चौथ्या-पाचव्या खेपेला मात्र आधी ऐकलेली एखादी सुरावट दुसऱ्याच कपड्यांत परत आलेली ओळखू येते, आणि मग माणूस अडकतो.

'मार्बल्स' अल्बमच्या शेवटी 'नेव्हरलँड' नावाचं बारा मिनिटांचं गाणं आहे. त्याच्या उत्तरार्धात होगार्थचा आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी एकमेकांवर चढत जातात आणि रॉदरीची गिटार त्याच त्या स्वरवळणाभोवती फिरत, दर फेरीला थोडी वर सरकते. रॉदरी वेगानं वाजवणाऱ्यांतला नाही. दोन सुरांमध्ये तो जी जागा सोडतो, तिच्यासाठी लोक पैसे देतात. असं संगीत कानावर पडून आवडत नाही, बसून ऐकावं लागतं. ज्या गोष्टीत आपले इतके तास गेलेले असतात ती सोडणं जड जातं, हाही निष्ठेचा एक कप्पा आहेच.

गाडी घसरली ती पैशांपाशी. 'ब्रेव्ह'ला वेळ लागला, खर्च झाला, आणि तो दहाव्या क्रमांकावर थांबला. 1995 चा 'अफ्रेड ऑफ सनलाइट' सोळाव्यावर. ईएमआयनं करार संपवला. पुढचे तीन अल्बम एका छोट्या कंपनीसाठी निघाले, आणि 1999 च्या तिसऱ्याची मजल त्रेपन्नाव्या क्रमांकापर्यंतच गेली.

इथं रेकॉर्ड कंपन्यांचा हिशेब समजून घेतला पाहिजे. कंपनी बँडला अल्बमसाठी आगाऊ रक्कम देते. बाहेरून ती कमाई वाटते, पण ती असते उचल. समजा एक लाख पौंडांची उचल आहे आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सीडीमागे बँडचा हिस्सा एक पौंड आहे. हा पौंड बँडच्या हाती येत नाही, तो उचलीत वळता होतो. एक लाख सीडी खपल्यावर उचल फिटणार आणि त्यानंतरच्या सीडीपासून बँडला पैसे मिळणार. बँडनं साठ हजार सीडी विकल्या तर? कंपनीला दुकानदारांकडून प्रत्येक सीडीचे त्याहून कितीतरी जास्त पैसे आलेले असतात, तरी वहीत बँड चाळीस हजार पौंडांनी देणेकरी दिसतो. दौऱ्याला कंपनीनं मदत केली तर बऱ्याचदा तीही याच खात्यावर चढते. आणि सगळं फिटलं तरी मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टर्सची मालकी सहसा कंपनीकडेच राहते. वरचे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, पण साचा हाच.

या हिशेबात वीस हजार जीव टाकणारे चाहते असणं म्हणजे अपयश. कंपनीला लाखोंनी एकेक सीडी घेणारे लोक हवेत. वीस हजार माणसं त्या बँडसाठी वाटेल ते करतील, हे त्या वहीत लिहायला रकानाच नसतो.

तो रकाना चाहत्यांनीच उघडला. 1997 मध्ये बँड अमेरिकेचा दौरा करू शकत नव्हता. बस, तंत्रज्ञ, सामानाची वाहतूक असा सगळा खर्च धरला आणि मधल्या आकाराच्या सभागृहांची तिकीटविक्री धरली तर सुमारे साठ हजार डॉलरचा खड्डा पडत होता, आणि तो भरायला कंपनी तयार नव्हती. मार्क केलीनं इंटरनेटवर चाहत्यांना हे सरळ सांगून टाकलं. तेव्हा चाहत्यांपैकीच कुणीतरी सुचवलं, की आपणच बँकेत खातं उघडू आणि पैसे गोळा करू. बँडला आधी हे झेपेल असं वाटलं नाही. खातं चाहत्यांच्या ताब्यात होतं, बँडचा त्याला हात लागलेला नव्हता. साठ हजार डॉलर जमले. दौरा झाला. गंमत म्हणजे पैसे देणाऱ्यांनी तिकिटं पुन्हा वेगळी काढली.

केलीच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथं. आपल्याला किती लोक ऐकतात यापेक्षा ते कोण आहेत आणि त्यांच्यापर्यंत थेट कसं पोचायचं, हे कळणं महत्त्वाचं. मग 1999 च्या अल्बमसोबत बँडनं एक सोय ठेवली: आपला पत्ता कळवा, आणखी एक सीडी फुकट पाठवतो. ज्यांना बँड ठाऊकच नाही त्यांच्यासाठीही ओळख करून देणारी एक सीडी फुकट, फक्त ईमेल द्या. आज प्रत्येक कंपनी तुमचा ईमेल मागत असते आणि आपण वैतागतो. त्या काळात रेकॉर्ड कंपनीला दुकानांची यादी माहीत असायची, ऐकणाऱ्यांची नव्हे. मॅरिलियनकडे काही वर्षांत ऐकणाऱ्यांची यादी जमली. आणि मग ती सुरुवातीची ईमेल गेली.

मराठी वाचकाला ही योजना खरं तर ओळखीची वाटेल. आपल्याकडे जाडजूड ग्रंथ, कोश, समग्र वाङ्मयाचे संच 'प्रकाशनपूर्व सवलत' देऊन निघत आले आहेत. छापखान्याचा खर्च वाचकांच्या आगाऊ पैशांतून भागवायचा आणि पुस्तक आलं की घरपोच करायचं. फरक इतकाच, की आपल्याकडे लेखकानं पुस्तक बहुधा आधी लिहिलेलं असतं.

हिशेब करून बघा. बारा हजार माणसांनी प्रत्येकी पंधरा पौंड दिले असं धरलं तर एक लाख ऐंशी हजार पौंड होतात, आणि तेही काम सुरू व्हायच्या आधी. त्यातून ध्वनिमुद्रण, छपाई, टपालखर्च भागला. बँडचा स्वतःचा स्टुडिओ होता, त्यामुळे स्टुडिओचं भाडं नव्हतं. उचल नाही, म्हणून फेडायचं काही नाही. मास्टर्स स्वतःच्या मालकीचे. याच बळावर ते पुन्हा ईएमआयकडे गेले, पण आता फक्त वितरणासाठी आणि आपल्या अटींवर. 2001 च्या त्या अल्बमचं नाव 'अनोरॅक्नोफोबिया'. तो यादीत सत्त्याण्णवाव्या क्रमांकापर्यंतच गेला. म्हणजे आधीच्यापेक्षाही खाली, आणि तरी बँडची आर्थिक तब्येत गेल्या कित्येक वर्षांत नव्हती इतकी सुधारलेली. विक्रीच्या यादीतला क्रमांक आणि बँडचं पोट यांचा संबंध तुटला होता.

2004 च्या 'मार्बल्स'ला हाच मार्ग. आधी पैसे भरणाऱ्यांची नावं अल्बमसोबतच्या पुस्तिकेत छापली. हजारो नावं, बारीक टायपात. मला या सगळ्या कथेतली ही सर्वांत हुशार गोष्ट वाटते. त्या पुस्तिकेत गिटारवादकाचं नाव आहे आणि नॉर्वेतल्या एखाद्या शिक्षकाचंही असू शकतं. आपलं नाव असलेला अल्बम कुणी रद्दीत घालत नाही. त्यातलं 'यू आर गॉन' हे गाणं सुटं काढलं तेव्हा चाहत्यांनी एकाच आठवड्यात वेगवेगळ्या आवृत्त्या विकत घेऊन ते सातव्या क्रमांकावर नेलं. पहिल्या दहांत बँडचं गाणं येण्याला सतरा वर्षं झाली होती. याला गाणं गाजणं म्हणायचं का? मी नाही म्हणणार. ती एक मोहीम होती आणि ती फत्ते झाली. पण मोहिमेत सामील झालेल्या माणसाला त्या सातव्या क्रमांकाचा जो आनंद झाला असेल, तो रेडिओवर ऐकून गाणं आवडलेल्या माणसाला होणं शक्य नाही.

म्हणून मला वाटतं, चाहत्यांचं प्रेम टिकवायला त्यांना काहीतरी काम द्यावं लागतं. नुसती कृतज्ञता पुरत नाही. रंगमंचावरून 'तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत' असं प्रत्येक गायक म्हणतो. इथं ते जमाखर्चात खरं होतं, आणि दोन्ही बाजूंना ते माहीत होतं.

2002 पासून सुरू झालेल्या 'मॅरिलियन वीकेंड'चीही हीच गत. पहिला वीकेंड इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रीन सँड्स इथल्या एका सुट्टीच्या कँपमध्ये झाला. अशा जागी उन्हाळ्यात मध्यमवर्गीय कुटुंबं मुलाबाळांना घेऊन राहतात. छोट्या छोट्या खोल्या, एक सभागृह, एक बार. ऐन हंगाम नसताना तो अख्खा ताब्यात घ्यायचा आणि शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन रात्री तीन वेगळ्या मैफली करायच्या, त्यातली एखादी रात्र एका जुन्या अल्बमला पूर्ण वाहिलेली. गाणी पुन्हा वाजत नाहीत, त्यामुळे तिन्ही रात्री थांबावंच लागतं. दिवसा प्रश्नमंजूषा, गप्पा, आणि कधी चाहत्यांपैकीच कुणी वाद्य घेऊन बँडसोबत एखादं गाणं वाजवून जातो. पुढं हे वीकेंड नेदरलँड्समध्ये समुद्रकाठच्या पोर्ट झेलँडला गेले, कॅनडात माँट्रियलला, पोलंडला, इटलीला, पोर्तुगालला. तिथं दर दोन वर्षांनी भेटणारी माणसं एकमेकांची लग्नं, घटस्फोट, आजारपणं, नातवंडं बघत आलेली आहेत. एका टप्प्यानंतर त्यातल्या बऱ्याच जणांचा जीव बँडइतकाच एकमेकांतही गुंतलेला असतो. बँडचा एखादा अल्बम फसला तरी मित्र फसत नाहीत.

या नात्याची सगळ्यांत कठीण परीक्षा 2021 मध्ये झाली. कोविडनंतर बँडनं नोव्हेंबरात ब्रिटनचा दौरा ठरवला. दौऱ्याची बस, दिवे, ध्वनियंत्रणा, माणसं यांचे पैसे बरेचसे आधी गुंतवावे लागतात. एरवी विमा असतो. पण पाचांतल्या एकाला कोविड झाला आणि दौरा रद्द झाला तर भरपाई द्यायला विमा कंपन्या तयार नव्हत्या. एक पॉझिटिव्ह चाचणी आणि सगळं पाण्यात. तेव्हा बँडनं चाहत्यांनाच विमा कंपनी व्हायला सांगितलं. पैसे बँडकडे द्यायचे नाहीत, तिसऱ्याकडे ठेवायचे. दौरा रद्द झाला तर नुकसान त्यातून भरून काढायचं, सुरळीत पार पडला तर ज्याचे त्याला परत. सुमारे दीड लाख पौंड जमले. दौरा झाला, पैसे परत गेले. यात चाहत्यांना व्याज नव्हतं, सीडी नव्हती, नफ्यात वाटा तर नव्हताच. धोका तेवढा होता.

असं असलं तरी मी या गोष्टीकडे देव्हाऱ्यासारखं बघत नाही. थेट चाहत्यांच्या जिवावर जगणाऱ्या बँडला एक धोका कायम असतो: समोर बसलेला प्रत्येक जण आधीच पटलेला असतो. नावडलेलं स्पष्ट सांगणारा कुणी निर्माता, कुणी कंपनीतला खडूस माणूस मध्ये उरत नाही. एकविसाव्या शतकातल्या मॅरिलियनच्या काही अल्बमांत अर्धा तास कात्री लावली असती तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे, आणि ते चाहत्यांच्या घोळक्यात बोलायची सोय नाही. दुसरं, ही युक्ती कुणीही उचलावी आणि चालावी अशी नाही. मॅरिलियनकडे ईएमआयच्या पैशांतून, रेडिओ-टीव्हीच्या काळात जमवलेली जुनी पुंजी होती. शून्यातून आलेल्या बँडला बारा हजार पत्ते कोण देणार? आणि मध्ये दलाल आला की विश्वास त्याच्या हातात जातो. संगीतासाठी पैसे गोळा करून देणारी प्लेजम्युझिक ही कंपनी 2019 मध्ये बुडाली, तेव्हा अनेक कलाकारांसाठी चाहत्यांनी भरलेले पैसे अडकले. चाहत्यांनी ते कंपनीवरच्या प्रेमापोटी थोडेच दिले होते?

2016 चा अल्बम चौथ्या क्रमांकावर गेला, 2022 चा 'अ‍ॅन अवर बिफोर इट्स डार्क' दुसऱ्यावर. सदतीस वर्षांपूर्वीच्या यशाशी आकडा जवळजवळ जुळतो, म्हणून वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. पण त्या आकड्याचा अर्थ आता निराळा आहे. सीडी विकत घेणारे लोकच कमी उरलेत, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात झाडून सगळे घेणाऱ्या चाहत्यांचं वजन यादीत वाढलंय. अशा बँडांचे अल्बम वर उगवतात आणि दोन-तीन आठवड्यांत दिसेनासे होतात. 1985 मध्ये देशभरातल्या लोकांनी थोडं थोडं प्रेम केलं होतं, 2022 मध्ये थोड्याच लोकांनी पुष्कळ केलं.

1989 पासून पाचही जण तेच आहेत, एवढं एक सांगायचं राहिलं. संगीताचं श्रेय पाचांच्या मिळून एकाच नावावर लिहिलं जातं. गाणं कुणी आणलं यावरून बँड फुटतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या साध्या सवयीचं मोल कळेल.

ऐकायचं असेल तर 'केइली'पासून सुरुवात करू नका. गाणं छान आहे, पण ते वेगळ्याच बँडचं म्हणावं इतकं वेगळं. 'ब्रेव्ह'पासूनही नको, वैतागाल. 1989 च्या 'सीझन्स एंड' मधलं 'ईस्टर' घ्या. ते उत्तर आयर्लंडमधल्या हिंसेच्या काळातलं, सहा मिनिटांचं, आणि मध्ये रॉदरीची गिटार आहे. ते आवडलं तर 'नेव्हरलँड'. ते सुरू असताना मोबाइल बघायची इच्छा झाली, तर हा बँड तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. चाहत्यांनाही तुमची गरज भासणार नाही.